झेरॉक्स, पीडीएफ आणि सिनेमा: शिकवताना कायद्यात काय बसतं?

प्रश्न थोडक्यात असा. एका स्वायत्त महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात: नव्या अभ्यासक्रमातली निम्मी पुस्तकं बाजारात मिळत नाहीत. त्यातली प्रकरणं झेरॉक्स करून, स्पायरल बांधून मुलांना दिली. त्यांच्या पीडीएफ गूगल क्लासरूमवर टाकल्या. ‘साहित्य आणि चित्रपट’ या पेपरसाठी वर्गात सिनेमा दाखवला, तर कॉपीराइटचा भंग होतो का? विभागाला स्वतःचं पाठ्यपुस्तकही काढायचं आहे. तासांचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाका, असा प्राचार्यांचा आग्रह आहे. सहकारी म्हणतात, दहा टक्क्यांपर्यंत चालतं. खरं का?

मॅडम, आधी त्या दहा टक्क्यांचा निकाल लावू, कारण गेली काही वर्षं प्रत्येक कार्यशाळेत कुणीतरी हात वर करून हेच विचारतं. मी सव्वीस वर्षं महाविद्यालयीन ग्रंथपाल होते. वकील नाही, पण हा कायदा रोज काउंटरवर वापरावा लागला. दहा टक्के हा आकडा यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतला आहे. प्रबंधात किंवा लेखात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही, त्यापुढे स्तर सुरू होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात (सरकारी मराठीत ‘प्रताधिकार’) शिकवण्यासाठी इतके टक्के चालतील, असं कुठेही लिहिलेलं नाही.

दोन्ही गोष्टी मुळात वेगळ्या आहेत. दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणं हे वाङ्मयचौर्य. दुसऱ्याचं परवानगीशिवाय वापरणं हा कॉपीराइटचा भंग, मग तुम्ही लेखकाचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं का असेना. उलट, ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’तली पाच पानं नाव न घेता आपल्या लेखात घातली, तर कॉपीराइट कायद्याला त्याचं काही वाटणार नाही, तिथला हक्क केव्हाच संपला. वाङ्मयचौर्य मात्र शंभर नंबरी.

दुसरी गफलत वेबिनारमधून येते. अमेरिकेतल्या ‘फेअर यूज’च्या (रास्त वापराच्या) चार कसोट्या स्लाइडवर दाखवल्या जातात आणि आपण त्या वहीत उतरवून घेतो. आपला कायदा तसा चालत नाही. कलम ५२ मध्ये कोणकोणती कृती म्हणजे भंग नव्हे, याची भलीमोठी यादीच दिली आहे. तुमचं काम त्या यादीत बसतं का, एवढंच आपल्याला बघायचं.

तुमच्यासाठी कळीचा खंड म्हणजे ५२(१)(आय). साध्या मराठीत: शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढली, किंवा ती प्रश्नपत्रिकेत वा उत्तरपत्रिकेत घातली, तर तो भंग होत नाही. म्हणून प्रश्नपत्रिकेत एखादी अख्खी कविता देऊन रसग्रहण विचारलं, तर कवीची परवानगी लागत नाही. ‘शिकवण्याचा ओघ’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर मात्र आपल्याकडे एक मोठा खटला झाला. तुमच्या स्पायरलचं उत्तर त्यातच आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान. विद्यापीठाने परवाना दिलेलं, दर पानाला चाळीस पैसे. प्राध्यापकांच्या वाचनयादीप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं काढून दुकानदार त्यांचे गठ्ठे बांधून मुलांना द्यायचा. त्यांना तिथे ‘कोर्स पॅक’ म्हणत. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांचं म्हणणं, शिक्षकाने वर्गात फळ्यावर उतरवलं तर ठीक, पण दुकानातून गठ्ठेच्या गठ्ठे निघतात तो धंदा झाला. त्यासाठी परवाना घ्या आणि शुल्क भरा.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. शिकवणं म्हणजे घंटा ते घंटा चालणारा तास नव्हे. अभ्यासक्रम आखण्यापासून वाचनाची तयारी, तास आणि परीक्षा, हे सगळं त्या ओघात येतं, असं त्यांनी धरलं. प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ ला न्या. प्रदीप नंदराजोग आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने दावा पुन्हा उभा केला, पण कायद्याचा अर्थ प्रकाशकांच्या बाजूने लावला नाही. किती पानं घेतली याला ठरावीक मर्यादा नाही. शिकवण्याच्या हेतूसाठी तेवढं घेणं गरजेचं होतं का, ही कसोटी. प्रत शिक्षकाने स्वतः न काढता दुकानदाराकडून काढून घेतली, म्हणूनही बिघडत नाही. या कोर्स पॅकमधला मजकूर त्या त्या अभ्यासक्रमाला खरोखर लागत होता का आणि अख्खी पुस्तकंच्या पुस्तकं झेरॉक्स करता येतात का, एवढे प्रश्न पुराव्यासाठी खाली पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. पुनर्मुद्रणाचे परवाने देणाऱ्या आयआरआरओ या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात फेटाळली.

म्हणजे अख्ख्या पुस्तकाचा प्रश्न तिथे अनिर्णितच राहिला. हा निकाल दिल्लीचा आहे, हेही ध्यानात ठेवा. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही. वजन मोठं आहे, पण ‘कोर्टाने सगळं माफ केलं’ असं स्टाफरूममध्ये सांगितलं जातं, तेवढं काही त्यात नाही.

तुमच्या स्पायरलबद्दल माझं मत: अभ्यासक्रमात नेमलेली प्रकरणं, वर्गातल्या मुलांच्या संख्येएवढ्या प्रती, झेरॉक्सला जेवढे पैसे पडले तेवढेच घ्यायचे, प्रत्येक उताऱ्याच्या पहिल्या पानावर पुस्तक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि पृष्ठांक. हे कायद्यात बसतं. ज्या दिवशी हा गठ्ठा वर्गाबाहेरच्या माणसाला मिळू लागतो, त्या दिवशी तुमचं संरक्षण पातळ होतं. घेतलं किती, यापेक्षा कुणाच्या हातात गेलं, हेच माझ्या अनुभवात भांडणाचं मूळ असतं.

आमच्याच महाविद्यालयात घडलेलं सांगते. एका विभागाने सात-आठ पुस्तकांतले लेख एकत्र करून छान बांधणी केली, मुखपृष्ठावर महाविद्यालयाचं बोधचिन्ह घातलं, ‘संपादक’ म्हणून तीन प्राध्यापकांची नावं छापली आणि काउंटरवर १८० रुपयांना विक्री सुरू केली. खर्च त्याच्या निम्माही नव्हता. दुसऱ्या गावातली मुलंही मागवू लागली, विभाग खूश. मग एका प्रकाशकाचं पत्र आलं, सोबत त्या पुस्तकाच्या काही पानांच्या प्रती. मूळ लेखकांची नावं अनुक्रमणिकेतसुद्धा नव्हती. आणि एका पानाच्या कोपऱ्यात आमच्याच ग्रंथालयाचा अर्धवट गोल शिक्का आणि माझ्याच अक्षरातला पेन्सिलीचा ॲक्सेशन नंबर (पुस्तकाचा दाखल क्रमांक), काळपट पण वाचता येईल असा. कुठलं पुस्तक, कुठली प्रत, शंका घ्यायला जागाच नाही. विक्री थांबली, उरलेल्या प्रती कपाटात बंद झाल्या, माफीचं पत्र गेलं. प्रकाशक भला माणूस होता म्हणून तेवढ्यावर भागलं. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलेलं नसेल तर कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. आमच्या बाबतीत नफा तर पावतीपुस्तकात लिहून ठेवलेला!

गूगल क्लासरूमचंही तेच. वर्गाचा कोड फक्त नोंदणी झालेल्या मुलांना, प्रकरणापुरती पीडीएफ, सत्र संपलं की काढून टाका. स्कॅन आपल्या ग्रंथालयातल्या विकत घेतलेल्या प्रतीचा हवा. टेलिग्रामवर कुणीतरी टाकलेलं अख्खं पुस्तक उतरवून तेच वर्गात चढवू नका. मूळच चोरीचं असेल तर ‘मी शिकवण्यासाठी वापरलं’ हे सांगायला अवघड जातं. मुलं ती पीडीएफ पुढे पाठवतील, हे तुम्ही रोखू शकत नाही, कायदा तशी अपेक्षाही करत नाही. पण तुम्ही स्वतः ती महाविद्यालयाच्या उघड्या वेबसाइटवर ‘स्टडी मटेरियल’ म्हणून ठेवलीत, तर गोष्ट वेगळी. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) भेटीआधी असले अपलोड फार होतात. घाईत कुणी बघत नाही.

नियतकालिकांतल्या लेखांसाठी पीडीएफ चढवण्यापेक्षा दुवा द्या. अनुदानित महाविद्यालयांना इन्फ्लिबनेट या संस्थेचं एन-लिस्ट (ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं वाचायची सोय) असतं, मुलांना लॉगिन मिळतं. किती विभाग ते वापरतात हा प्रश्न वेगळा. सरकारी संस्थांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या नियतकालिकांच्या एकत्रित वर्गणीच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं. साय-हबबद्दल (परवानगीशिवाय शोधनिबंध फुकट देणारी साइट) तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती साइट भारतात बंद करण्याचा आदेश दिला. वाचनयादीत तिचा दुवा छापू नका.

आता बाजारात न मिळणारी पुस्तकं. ५२(१)(ओ) प्रमाणे भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी ग्रंथपालाच्या देखरेखीखाली काढता येतात. कायद्यातले शब्द ‘अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय’ असे आहेत, आणि महाविद्यालयाचं ग्रंथालय त्यात येतं का, यावर वकील वाद घालू शकतात. मी येतं असं धरून चालत आले, पण कागद ठेवून. प्रकाशकाला विचारणा, दोन पुस्तकविक्रेत्यांची ‘उपलब्ध नाही’ अशी उत्तरं आणि माझी टिपणी, सगळं एका फाइलला. तुमच्या ग्रंथपालांना हे सांगा, त्यांना बहुतेक आनंदच होईल. आम्हाला पुस्तक शोधायला सांगणारे प्राध्यापक हल्ली कमी झालेत.

पण याच्याही आधी एक गोष्ट करा, जी बहुतेक विभाग करतच नाहीत: यादीतल्या कुठल्या कृतीवर आता हक्कच उरलेला नाही, ते तपासा. मराठीच्या प्राध्यापकांना यात जेवढी सवड आहे, तेवढी अर्थशास्त्रवाल्यांना नाही.

नियम असा की लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी गेले १९५० साली, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता १ जानेवारी २०१७ पासून मोकळ्या. लक्ष्मीबाई टिळक, गडकरी, बालकवी, हरिभाऊ आपटे तर कधीचेच. अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ चे, म्हणजे २०२९ च्या अखेरीपर्यंत थांबा. इरावती कर्वे १९७०, त्यांचं २०३० अखेर. खांडेकर १९७६, म्हणजे २०३६ अखेर. पु.ल. २०६० अखेर, ते बघायला मी नसेन.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, मरणोत्तर प्रसिद्ध झालेलं लेखन. तिथे साठ वर्षं मृत्यूपासून धरायची नाहीत, प्रकाशनापासून धरायची. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली १९५२ मध्ये. म्हणून ती गाणी २०१२ ऐवजी २०१३ च्या जानेवारीत मोकळी झाली. एका वर्षाचा फरक, काय बिघडतं, असं वाटेल. मग बाबासाहेबांकडे बघा. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ त्यांच्या हयातीत, १९३६ साली छापलेलं, ते १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ मात्र महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलं, म्हणून त्यावरचा हक्क २०४७ च्या अखेरीपर्यंत चालतो. एकाच लेखकाची दोन पुस्तकं, आणि मध्ये एकतीस वर्षांचं अंतर.

दुसरा खळगा, एकाच पुस्तकात अनेकांचे हक्क. बहिणाबाईंची गाणी मोकळी झाली, पण पुस्तकाच्या सुरुवातीची प्रस्तावना अत्र्यांची आहे. ती २०२९ अखेरपर्यंत नाही. कालिदासावर कुणाचा हक्क नाही, पण कुसुमाग्रजांनी केलेल्या ‘मेघदूत’च्या अनुवादावर २०५९ अखेरपर्यंत आहे. मर्ढेकरांच्या कवितांखाली आजच्या एखाद्या संपादकाने दिलेल्या टिपा त्या संपादकाच्या. स्कॅन करताना मूळ मजकूर घ्या, टिपा कापा. नुसत्या पानाच्या मांडणीची काळजी करायला नको. इंग्लंडमध्ये छापील मांडणीवर प्रकाशकाचा पंचवीस वर्षांचा वेगळा हक्क असतो, आपल्या कायद्यात तसा काही नाही. हक्क संपलेली कादंबरी कालच्या नव्या आवृत्तीवरून स्कॅन केलीत तरी चालतं.

कायद्याच्या विभागातलं कुणी हे वाचत असेल तर: न्यायालयाचा निकाल छापायला मोकळा आहे, पण खाजगी निकालपत्रिकेतल्या शीर्षटिपा (निकालाच्या वर संपादकाने दिलेला सारांश) आणि संपादकाने केलेली परिच्छेदांची आखणी नाही. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक’ या २००७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून ठेवलंय.

सिनेमाचा तुमचा प्रश्न सोपा आहे. ५२(१)(जे) नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो, प्रेक्षक फक्त शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक असले म्हणजे झालं. विकत घेतलेली डीव्हीडी असेल तर बिनधास्त लावा. टॉरेंटवरून उतरवलेली प्रत लावू नका. कायद्याने दाखवायला सूट दिलीय, चोरून उतरवायला दिलेली नाही. ओटीटीच्या खात्याचं प्रकरण अधलंमधलं. कायदा अडवत नाही, पण खातं उघडताना तुम्ही ‘फक्त घरगुती वापर’ अशा अटीवर टिचकी मारलेली असते. तो तुमच्यातला आणि कंपनीतला करार. काही कंपन्या ठरावीक माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची सवलत देतात. त्यांच्या पानावर बघून घ्या. आणि गावाला बोलावून सभागृहात फिल्म क्लब चालवणार असाल, तर तो वर्ग राहिला नाही, परवाना लागेल.

तुमच्या पेपरला ‘श्यामची आई’ असणारच. इथे एक गंमत आहे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनापासून साठ वर्षं असतो. चित्रपट १९५३ चा, म्हणजे चित्रपट म्हणून २०१४ च्या जानेवारीत मोकळा. कादंबरी त्याच्याही आधी. पण पटकथा अत्र्यांची, म्हणजे २०२९ अखेर. संगीत वसंत देसाईंचं, ते १९७५ साली गेले, म्हणजे २०३५ अखेर. वर्गात दाखवताना यातलं काहीच आडवं येत नाही. त्यावरचा तुमचा तास रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलात आणि मागे तीन मिनिटं गाणं वाजत राहिलं, की मात्र येतं.

यूट्यूबबद्दल प्राचार्यांना हेच सांगा. तास वर्गापुरता असतो तेव्हा (आय) आणि (जे) तुमच्या पाठीशी असतात. तोच तास जगाला खुला झाला, की त्या दोन्ही छत्र्या मिटतात आणि हातात उरतो ५२(१)(ए): समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी रास्त वापर. तोही कमी नाही. कवितेतल्या चार ओळी पडद्यावर दाखवून त्यावर वीस मिनिटं बोललात तर ती समीक्षा. पूर्ण कविता चालीवर म्हणून शेवटी ‘किती सुंदर ना!’ एवढंच म्हणालात, तर समीक्षा कुठे आहे? माझा सल्ला, संपूर्ण रेकॉर्डिंग वर्गापुरतं ठेवा आणि यूट्यूबसाठी वेगळं, छोटं बोला. स्लाइडवरची चित्रंही बघून घ्या. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं खुशाल वापरा. गूगलच्या शोधात वर आलेलं कालच्या छायाचित्रकाराचं चित्र नको. विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलंत तर खाली दिलेल्या परवान्याप्रमाणे नाव टाका. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम) बरेच अभ्यासक्रम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यावर असतात, तिथेही तोच नियम: नाव द्या, आणि त्यावरून काही नवं केलंत तर तेही त्याच परवान्यावर खुलं ठेवा.

स्नेहसंमेलनातलं नाटक (जे) मध्ये बसतं, मुलं आणि शिक्षक करणारे आणि मुलं-पालक बघणारे असतील तर. तीच एकांकिका तिकीट लावलेल्या स्पर्धेत नेलीत की लेखकाचं परवानगीपत्र हवं, मानधनही द्या. दरवर्षी पत्र आदल्या रात्री मागितलं जातं आणि लेखक वैतागतो.

वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असतील तर वर सांगितलेले बरेचसे काटे तिथे टोचत नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ५२(१)(झेडबी) नुसार अपंग व्यक्तीला वाचता-ऐकता येईल अशा स्वरूपात कोणतीही कृती बदलता येते. अख्खं पुस्तकसुद्धा. ब्रेल, मोठी अक्षरं, संगणक वाचू शकेल अशी टंकलिखित फाइल, आवाजात वाचून केलेलं रेकॉर्डिंग, काहीही. अट एवढीच की नफा घ्यायचा नाही आणि ती प्रत इतरांच्या बाजारात जाऊ द्यायची नाही. आमच्याकडे एनएसएसची मुलं दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करत. एक मुलगी प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पृष्ठांक सांगायची, म्हणजे ऐकणाऱ्याला परीक्षेत संदर्भ देता यावा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी तुमचं पाठ्यपुस्तक. इथे सूट नाही असंच समजा. ५२(१)(एच) म्हणून एक खंड आहे, त्यावर काही अभ्यास मंडळं विसंबतात. त्याच्या अटी वाचा: संग्रह मुख्यतः हक्क संपलेल्या मजकुराचा हवा, तो शिक्षणासाठी आहे हे शीर्षकात आणि जाहिरातीत लिहिलेलं हवं, हक्क असलेल्या कृतींमधले फक्त छोटे उतारे घेता येतात, ज्यातून घेताय ते मुळात पाठ्यपुस्तक म्हणून छापलेलं नसावं, आणि एकाच लेखकाचे, एकाच प्रकाशकाकडून, पाच वर्षांत दोनपेक्षा जास्त उतारे नकोत. ‘१९६० नंतरची मराठी कविता’ असा तुमचा पेपर असेल तर पहिल्याच अटीवर गाडी अडली. शिवाय बारा ओळींची अख्खी कविता हा ‘छोटा उतारा’ होत नाही, तो पूर्ण कृतीच होते. तेव्हा परवानगी मागा.

मराठी साहित्यिक आणि त्यांचे वारस सहसा नाही म्हणत नाहीत. उत्तर येतच नाही, ही खरी अडचण असते, आणि ‘पत्र पाठवलं होतं, उत्तर आलं नाही’ याला परवानगी म्हणत नाहीत. पत्रात मोघम लिहू नका. ‘आपली कविता अभ्यासक्रमासाठी वापरू इच्छितो’ एवढ्यावर कुणी काय कळवणार? कविता कुठली, कुठल्या संग्रहातली, कुठल्या पानावरची. किती प्रती, किंमत किती, किती वर्षांसाठी, फक्त छापील की ई-पुस्तकही. मानधन किती देऊ शकता. हक्क प्रकाशकाकडे आहे की लेखकाकडे, हे पुस्तकाच्या आतल्या पानावर बघा, आणि शंका असेल तर दोघांनाही पत्र घाला. मी एकदा एका दिवंगत कवीच्या पत्नीला असं पत्र पाठवलं होतं. आंतरदेशीयवर उत्तर आलं, निळ्या शाईत, चारच ओळी: परवानगी आहे, मानधन नको, पुस्तकाच्या दोन प्रती पाठवा, आणि तिसऱ्या कडव्यात पहिल्या आवृत्तीपासून एक छपाईची चूक चालत आली आहे तेवढी दुरुस्त करा. चूक कोणती तेही त्यांनी लिहिलं होतं. तोवर आम्ही ती चूक वर्षानुवर्षं अर्थ लावून शिकवत होतो.

पुढच्या जूनमध्ये पुस्तक मुलांच्या हातात हवं असेल, तर ही पत्रं दिवाळीच्या सुट्टीआधी टपालात पडायला हवीत. यादी तयार झाली की एकदा मला दाखवा, त्यातली मोकळी नावं आपण आधी बाजूला काढू. पत्रं तुम्हाला वाटतात त्याच्या निम्मीच लिहावी लागतील.